रॉकच्या अंकाचं मुखपृष्ठ कसं करावं

बडोद्यातल्या बहुतेक कॉलेजांत एखादा तरी बँड असतोच, आणि त्यातल्या कुणाला तरी कधी ना कधी स्वतःचा अंक काढायची हुक्की येते. मजकूर जमतो, दांडिया बाजारातल्या ओळखीच्या दुकानाची जाहिरातही मिळते, आणि मुखपृष्ठ मात्र आदल्या रात्री उरकलं जातं. पाच जणांचे फोटो, सात फॉन्ट, मागे आगीच्या ज्वाळा. असा अंक कोण उचलणार?

सुरुवात फोटोपासून करू नका. अंक कुठे ठेवला जाणार, ते आधी ठरवा. स्टॉलवर मासिकं एकावर एक सरकवून लावली की वरचा भाग आणि डावीकडची पट्टी तेवढी दिसते. ब्रिटनमध्ये १९८६ साली निघालेल्या ‘क्यू’ या संगीत मासिकाचं नाव बघा: लाल चौकोनात एकच पांढरं अक्षर, वरच्या डाव्या कोपऱ्यात. बाकी सगळं झाकलं गेलं तरी मासिक ओळखू यायचं. तुमचा अंक कॉलेजच्या फेस्टमध्ये टेबलावर सुटा मांडला जाणार असेल, तर ही काळजी थोडी कमी.

मग चेहरा निवडा. एकच. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत नियतकालिकाचा २२ जानेवारी १९८१चा अंक बघा. बीटल्सचा जॉन लेनन आणि त्याची पत्नी योको ओनो यांचा तो फोटो ॲनी लीबोविट्झनं ८ डिसेंबर १९८०ला, लेननचा खून झाला त्याच दिवशी काढला होता. मुखपृष्ठावर लेखांची एकही ओळ नाही. काय झालंय ते वाचकाला ठाऊक होतं, त्यामुळे शब्दांची गरजच नव्हती. तुमच्या बँडला अजून कुणी ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला शब्द लागतील. पण पाच जणांना एका रांगेत उभं केलंत तर तो शाळेचा ग्रुप फोटो होईल. एकाला पुढे घ्या, बाकीचे मागे धूसर राहू द्या. ज्याच्या चेहऱ्यावर काहीतरी घडतंय त्याला पुढे आणा, मग तो ड्रमर का असेना. गायक रुसेल. रुसू द्या.

स्टेजवरच्या लाल एलईडीतला फोटो मोबाइलवर झकास दिसतो, पण कागदावर गालाचा नुसता लाल डाग होतो. कार्यक्रमाच्या दिवशी साउंडचेक आटोपलं की पोराला सावलीत न्या, कमाटीबागेतलं एखादं झाड पुरे. डोळ्यांवर फोकस हवा. वर नावापुरती मोकळी जागा ठेवूनच फोटो काढा; ती मागाहून तयार करणं जिकिरीचं होतं.

आता नाव. ‘रोलिंग स्टोन’ १९६७मध्ये निघालं तेव्हा त्याची अक्षरं रिक ग्रिफिन या सान फ्रान्सिस्कोच्या पोस्टर-चित्रकारानं काढली होती. १९८१मध्ये निघालेल्या ‘केरँग!’ या ब्रिटिश रॉक मासिकाची अक्षरं तडा गेलेल्या काचेसारखी आहेत. दोन्हींत संगीताचा आवाज अक्षरांतून ऐकू येतो. देवनागरीतही हे जमतं: शिरोरेषा तोडा, खरवडा, वाकवा. मात्र परदेशी मासिकांसारखं गायकाचं डोकं नावावर चढवताना जपून. ‘रॉक’वरचा चंद्र केसांखाली गेला की ‘राक’ उरतं. डोकं आणायचंच असेल तर जिथे वर मात्रा नाही अशा अक्षरावर आणा. इथले वाचक गुजरातीही वाचतात, म्हणून दुसरी ओळ गुजरातीत हवी असेल तर ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्ट आणि त्याची गुजराती बहीण ‘मुक्ता वाणी’ वापरा. दोन्ही फुकट आहेत आणि एकमेकांशेजारी शोभतात.

लेखांच्या ओळी तीनच ठेवा. ‘बडोद्यातील संगीताचा आढावा’ असं लिहिलंत तर वाचक पुढे सरकेल. ‘शेजारी पोलिसांत गेले, तरी सराव चालूच’ म्हटलंत तर तो थांबेल, पण मग आत ती हकीकत खरोखर हवी. मोडतोडीची खुमखुमी आतल्या पानांवर भागवा. ‘रे गन’ या अमेरिकी संगीत मासिकाच्या डिझायनर डेव्हिड कार्सननं १९९४मध्ये एक कंटाळवाणी वाटलेली अख्खी मुलाखत चिन्हांच्या फॉन्टमध्ये छापली होती, ती आतच.

रंग काळा, पांढरा आणि आणखी एक, एवढे पुरतात. फाइल सीएमवायकेमध्येच, म्हणजे छपाईच्या सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबीसर), यलो (पिवळा) आणि ब्लॅक (काळा) या चार शायांच्या हिशेबातच करा, नाहीतर स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा छापून शेवाळी येतो. मोठ्या काळ्या भागाला नुसता काळा दिला तर तो राखाडी वाटतो. सायन ६०, मॅजेंटा ४०, यलो ४०, ब्लॅक १०० टक्के असं मिश्रण द्या. बारीक अक्षरांना मात्र नुसता काळाच, कारण चार रंग तंतोतंत एकावर एक बसले नाहीत तर कडा फुटतात.

मग खऱ्या आकाराची एक प्रिंट काढून कॉलेजबाहेरच्या चहाच्या लारीजवळ चिकटवा आणि दहा पावलांवर उभे राहा. येणाऱ्याला ‘कसं वाटलं?’ विचारू नका, सगळे छानच म्हणतात. ‘काय दिसलं?’ विचारा. आधी चेहरा, मग नाव, मग एखादी ओळ असं उत्तर आलं तर ठीक. ‘ज्वाळा’ म्हणाला तर ज्वाळा काढून टाका. फाइन आर्ट्समध्ये ओळख असेल तर अप्लाइड आर्ट्सच्या पोरांनाही दाखवा. ती तोंडावर सांगतात.

प्रेसला फाइल देताना चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग, ठेवा. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, त्याच कागदावर मागा, कारण जाड, गुळगुळीत आर्ट कार्डवरचा लाल आणि साध्या कागदावरचा लाल वेगळे दिसतात. सही करण्याआधी मासिकाचं नाव, महिना आणि किंमत मोठ्यानं वाचून घ्या, शक्यतो ज्यानं डिझाइन केलेलं नाही त्याच्याकडून.