व्हिडिओ चालतो पण क्विझ उघडत नाही? हे करून बघा

आमच्या दादरच्या लॅबमध्ये नवीन बॅच आली की पहिल्या आठवड्यात एकच गाऱ्हाणं, लेक्चर मस्त चालतंय पण खाली क्विझच्या जागी नुसता पांढरा चौकोन नाहीतर ते गोल गोल फिरणारं चक्र. मग पोरं घाबरून सगळं एकदमच करतात, हिस्टरी उडव, ब्राउझर काढून परत टाक, पीसी रिस्टार्ट कर, आणि एवढं करून चाललंच तर कशाने चाललं ते कळत नाही, पुढच्या टेस्टला परत तीच रड. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला.

लेक्चरचं पान आणि त्यातला एक्सरसाइज, म्हणजे ते क्विझ, बरेचदा एका सर्व्हरवरून येतच नाहीत. एक्सरसाइज दुसऱ्याच साइटचा असतो, या पानात नुसता बसवलेला, आणि तुम्ही लॉगिन आहात हे त्याला थर्ड पार्टी कुकीमधून, म्हणजे त्या दुसऱ्या साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीतून, कळतं. ती कुकी ब्राउझरने अडवली की व्हिडिओ चालू, क्विझ बंद. आयपॅडमधला सफारी ब्राउझर तर २०२० पासून अशा कुकीज सरसकट अडवतो, त्यामुळे ताईचा आयपॅड घेऊन बसलेल्यांना हा त्रास जास्त. 'नवीन टॅबमध्ये उघडा' असं बटण असेल तर आधी ते दाबा, निम्म्या वेळा तिथेच सुटतं.

नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-आर, म्हणजे जुनी साठवलेली फाइल सोडून पान नव्याने येतं. मग इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खाजगी विंडो. तिथे एक्सटेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, सहसा बंद असतात, म्हणून तिथे चाललं तर दोष एखाद्या एक्सटेन्शनचा नाहीतर जुन्या कुकीचा किंवा कॅशेचा (साठवून ठेवलेल्या फाइलींचा). पण क्रोमचं इन्कॉग्निटो स्वतःच थर्ड पार्टी कुकीज अडवतं, सो तिथे नाही चाललं म्हणून लगेच साइटला शिव्या घालू नका, फायरफॉक्समध्ये पण बघा. आणि डेटा उडवायचाच तर ॲड्रेस बारच्या डावीकडच्या आयकॉनवरून फक्त त्या साइटचा उडवा, नाहीतर जीमेलपासून सगळीकडून लॉगआउट होऊन बसाल.

एफ १२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझर जिथे चुका लिहून दाखवतो ती जागा, बघायला घाबरू नका, लाल ओळ वाचता आली की झालं. कल्याणहून येणाऱ्या एका मुलीचं क्विझ काही केल्या येत नव्हतं, कन्सोलमध्ये 'ब्लॉक्ड बाय क्लायंट' असं लिहिलेलं, म्हणजे अडवणारा आपल्याच ब्राउझरमध्ये बसलाय. फाइलच्या नावात 'ट्रॅक' होतं, ॲडब्लॉकरला वाटलं जाहिरातवाले, आणि ती बिचारी फाइल प्रोग्रेस ट्रॅक करणारी! त्या साइटपुरता ब्लॉकर बंद केला, विषय संपला. ४०४ दिसलं तर फाइलच जागेवर नाही, ५०० दिसलं तर गडबड सर्व्हरची, तिथे तुम्ही डोकं आपटून उपयोग नाही.

कोडिंगचे एक्सरसाइज फक्त कॉलेजच्या वायफायवर अडत असतील तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा, कॉलेजची फायरवॉल (नेटवर्कचा पहारेकरी) बरेचदा वेबसॉकेट, म्हणजे पान आणि सर्व्हरमधलं सतत चालू राहणारं कनेक्शन, अडवते. (आणि लोकलमध्ये क्विझ सोडवायचा नाद सोडा, नेमकी सबमिटच्या वेळी रेंज जाते.)

जुन्या पीसीची दुखणी वेगळी. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही, नवीन एक्सरसाइज तिथे अडू शकतात. मदरबोर्डचा सेल गेला की तारीख मागे जाते आणि सर्टिफिकेटचा (साइट खरी आहे याच्या दाखल्याचा) एरर येतो, अशा वेळी घड्याळ नीट करा, बाकी कशाला हात लावू नका. आणि एक्सरसाइज फ्लॅशचा (ब्राउझरमध्ये ॲनिमेशन-गेम चालवणारं जुनं सॉफ्टवेअर) असेल तर ॲडोबीने ते ३१ डिसेंबर २०२० लाच बंद केलंय, सरांकडे सरळ दुसरा मागा.

एवढं करूनही नाही चाललं तर सपोर्टला मेल टाका, पण 'नॉट वर्किंग' एवढंच लिहू नका, त्यावर ते उलट चार प्रश्न विचारतात आणि त्यात दोन दिवस जातात. ब्राउझरचं व्हर्जन, वेळ, लाल ओळीचा स्क्रीनशॉट, हॉटस्पॉटवर काय झालं, सगळं पहिल्याच मेलमध्ये द्या, आणि तो मेल डेडलाइनच्या आधी गेला पाहिजे, मुदत वाढवून मागताना तोच पुरावा म्हणून दाखवता येतो.