कोड चुकतोय? आधी लिहिणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा

गेल्या मे महिन्यात टीममधल्या एका पोराचा सकाळचा कोड चोख असायचा आणि दुपारी तीननंतरचा हमखास रिव्ह्यूतून, म्हणजे तपासणीतून, परत यायचा. मी त्याला दोनदा झापलं. तिसऱ्यांदा झापायच्या आधी त्याच्या खुर्चीत जाऊन बसले. पश्चिमेची काच, बाहेर 45 अंश, एसीचा झोत भलतीकडे आणि पाठीशी सेल्सवाल्यांचे फोन. डेटाबेसची साधी क्वेरीसुद्धा मला धड लिहिता येईना बाप्पा!

म्हणून पहिलं काम हेच करा. भर दुपारी प्रत्येकाच्या जागेवर तासभर बसा, स्वतःचं काम घेऊन.

मग आठवडाभर भिंतीवर एक कागद लावा. कोणी हातातलं काम तोडलं की त्याच्या नावापुढे रेघ. आमच्या कागदावर सगळ्यात जास्त रेघा माझ्याच होत्या. 'एक मिनिट, जरा बघ ना' म्हणत मीच फिरायची. आता सकाळी 11 ते 1 कोणी कोणाला हाक मारत नाही. शंका चॅटवर टाकायची, उत्तर तर्री पोह्याच्या सुट्टीत.

आवाजाचं मात्र नीट समजून घ्या. गायत्रीनगरच्या जुन्या जागेत कूलर दिवसभर घोंघावायचा, तक्रार कोणाचीच नव्हती. एसी आला आणि शेजारच्या टेबलावरचा शब्दन् शब्द कानात शिरू लागला. एकसुरी आवाज कान विसरतात, कळणारं बोलणं विसरत नाहीत. म्हणून आधी फोनवाले हलवा. आम्ही त्यांना जिन्याजवळ बसवलं.

हवेचं सोपं आहे. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. बाहेर कार्बन डायऑक्साइड साधारण 420 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) असतो, दहा जणांच्या बंद खोलीत तो सहज 1000 च्या वर जातो आणि पेंग यायला लागते. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत खिडक्या उघडा, दुपारी निदान पॅसेजचं दार.

साहेब जागा द्यायला कुरकुरत असतील तर त्यांना डीमार्को आणि लिस्टर या अमेरिकन सॉफ्टवेअर सल्लागारांचे आकडे दाखवा. 1984 ते 1986 मध्ये त्यांनी 92 कंपन्यांतल्या 600 हून अधिक प्रोग्रामरांच्या स्पर्धा घेतल्या. वरच्या चतुर्थांशातल्यांना सरासरी 78 चौरस फूट जागा होती, तळच्यांना 46. जागेमुळेच कोड सुधारला, असं यातून सिद्ध होत नाही. पण आमच्या साहेबांनी ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्या पोराचं टेबल आत घेतलं. काचेपाशी आता प्रिंटर आहे. दुपारी तीननंतर तोही अडकतो.