न्हाणीतनं पाणी उलटं यायला लागलं तर: जुन्या घराची लाईन कशी मोकळी करायची

आषाढात पाऊस लागून राहिला की शहापूर, वडगाव, खासबाग नाहीतर बेळगावातल्या जुन्या गल्ल्यांतनं कुठनंतरी हाक येतेच, "बघा की, न्हाणीतनं घाण पाणी वर येऊलालंय." आणि मी पोचेपर्यंत कुणीतरी शहाण्यानं ॲसिडची बाटली ओतलेली असते. ॲसिड ओतू नका. तुंबलेल्या पाण्यात ते पातळ होतं, अडकलेल्या चिंधीला काहीच करत नाही, जुन्या चिनी मातीच्या पाईपांचे सिमेंटचे सांधे मात्र खातं, आणि नंतर त्याच पाण्यात माझा हात जातो. त्यात वास जावा म्हणून वरनं ब्लिचिंग पावडर टाकली तर क्लोरीन गॅस होतो, बंद न्हाणीत ते जिवावर बेतू शकतं.

आधी सगळे नळ बंद करा, वाशिंग मशीन बंद, माडीवरच्या भाडेकरूंनाही सांगा. ज्यांच्याकडं अजून पाळीनं पाणी येतं त्यांनी टाकीचा कॉकही बंद करावा, कारण टाकी भरून वाहिली की ते पाणी पुष्कळ घरांत त्याच लाईनीत पडतं. पाणी प्लगपर्यंत जाईल असं वाटलं तर मेन स्विच पाडा.

मग नेमकं कुठं तुंबलंय ते बघा. नुसती न्हाणीच तुंबली असेल तर जाळी काढून ट्रॅपमध्ये हात घाला, केस आणि शाम्पूच्या पुड्या निघतील, काम झालं. न्हाणी, मोरी, संडास सगळंच गुडगुडत असेल तर मेन लाईन. आणि फक्त मोठ्या पावसात पाणी वर येतंय, पाऊस उघडला की आपोआप उतरतंय, तर तुमच्या घरात काही अडकलेलं नाही, गल्लीतली यूजीडी, म्हणजे जमिनीखालच्या गटाराची लाईन भरलीय. तेव्हा न्हाणीच्या तोंडावर वाळू भरलेली प्लास्टिकची पिशवी दाबून ठेवायची आणि वाट बघायची. पण त्याआधी स्वतःच्या घराचं पन्हाळ कुठं सोडलंय तेही बघा, चौकातलं आणि पत्र्यावरचं पाणी चेंबरात सोडलेली घरं ढिगानं आहेत आणि शिव्या मात्र यूजीडीला.

आता चेंबर. आपली जुनी घरं समोरून अरुंद आणि मागं लांबच लांब, त्यामुळं परसातलं पाणी माजघर-सोप्याखालनं रस्त्याकडं जातं आणि मधलं चेंबर कुठल्यातरी फरशीखाली बुजलेलं असतं. न्हाणीपासनं रस्त्याकडं सरळ रेघ धरून पहारीच्या मुठीनं फरशी ठोकत जा, पोकळ वाजेल तिथं. झाकण उचलायला दोघं लागतात. उघडल्यावर लगेच वाकू नका, गॅस जाऊ दे, आणि विडी-काडी लांब.

चेंबर काठोकाठ भरलंय तर अडथळा पुढं, रस्त्याकडं. कोरडं आहे तर अडथळा मागं, घराकडं. एवढं न बघता फरशा फोडणारे मिस्त्री मी बघितलेत.

खरं डोकं लागतं ते कामटी, म्हणजे बांबूची लांब पट्टी, घालताना. पूर्वी मी इथंच अडकून बसायचो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लोखंडी सळई घालू नका, कुणी कितीही सांगू दे. चिनी मातीच्या पाईपला सांध्यात सळई ठेचली की तुकडा उडतो आणि मग तुंबलेली लाईन फुटलेली लाईन होते. बुरुडाकडनं बांबूची लांब कामटी आणा, टोक गोल तासून घ्या, ओली करा म्हणजे वाकते. ढोसायचं नाही, पुढं सरकवायची, अडली की हातभर मागं घ्यायची, जरा फिरवायची, परत पुढं. जोर लावला की कामटी आत मोडते आणि तीच नवा अडथळा होते.

अडली की चेंबराच्या तोंडाशी कामटीला सुतळी बांधून खूण करा, बाहेर काढा आणि टोकाला काय आलंय ते बघा. मऊ काळपट चिकट आलं तर तेल-साबणाचा थर, जाईल. चरबरीत राखाडी गाळ आला तर बंबाची आणि भांडी घासायची राख, नाहीतर चौथीनंतर बादलीत विसर्जन करून मोरीत ओतलेली शाडू, तीही जाईल पण वेळ घेईल. केसासारखी मुळं आली आणि कामटी स्प्रिंगसारखी मागं ढकलली जात असेल तर परसातल्या नारळानं नाहीतर भिंतीतल्या पिंपळानं सांधा गाठलाय, आज मोकळं झालं तरी पुढच्या पावसाळ्यात परत तुंबणार. आणि दरवेळी त्याच खुणेला टणक अडत असेल आणि टोकाला तांबडी नाहीतर काळी माती, जी तुमच्या भागात असेल ती, येत असेल तर थांबा. पाईप खचलाय. आता कामटीनं काही होणार नाही, उलट माती आणखी आत पडेल. कामटी फरशीवर त्याच रेघेत आडवी टाका, सुतळी चेंबराच्या तोंडाशी धरा, टोक जिथं येईल तिथलीच एक फरशी उचला. अख्खं माजघर उखडायची गरज नाही.

कोरड्या चेंबरातनं मागं कामटी घालत असाल तर बाजूला उभं राहा, सुटलं की सगळं एकदम अंगावर येतं. आणि आधी चेंबराच्या पुढच्या तोंडावर जाळी धरून ठेवा, नाहीतर चिंध्यांचा गोळा पुढं जाऊन यूजीडीच्या तोंडाशी बसतो. मग दोन-चार बादल्या एकदम ओता. पाणी न थबकता गेलं तर झालं.

अडथळा रस्त्याच्या बाजूला असेल तर पाण्याच्या जोरानं लाईन मोकळी करणाऱ्या कॉर्पोरेशनच्या जेटिंग मशीनला कळवा. चेंबरात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही, सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि आतल्या गॅसनं माणूस ओरडायच्या आत पडतो.

परसात आड असेल तर तुंबलेलं पाणी झिरपलेलं असू शकतं, तपासून घेईपर्यंत ते पाणी प्यायला नको. 1000 लिटरला अडीच ग्रॅम ब्लिचिंग पावडर हे माप स्वच्छ पाण्याचं आहे, मैला मिसळलेल्या आडाचं नाही.

झाकण परत बसवताना सिमेंटनं गच्च बुजवू नका. कडेला ग्रीस लावा, वर फरशी नुसती वाळूवर ठेवा आणि घरातल्या तरण्या पोरांना जागा दाखवून ठेवा.