गार्गॉइल ओळखायचं कसं?

गार्गॉइल म्हणजे छपराचं पाणी तोंडातून लांब फेकणारं दगडी जनावर. ते बघायला पाऊस कोसळत असताना जा, ही माझी पहिली अट. मी शाळेत चित्रकला शिकवते. सातवीच्या मुलांना सीएसएमटीची इमारत दाखवायला मुद्दाम जुलैत नेते. उन्हात भिंतीवरचं प्रत्येक दगडी जनावर मुलांना गार्गॉइलच वाटतं.

निघण्याआधी वर्गात सगळ्यांना माना वर करून गुळणीचा आवाज काढायला लावते. शब्द तिथूनच कळतो. मूळ फ्रेंच शब्द 'गार्गूय', म्हणजे घसा. इंग्रजी 'गार्गल' त्याच कुळातला, आणि पोटात गुडगुडलं की फ्रेंच माणूस त्याच घराण्यातलं क्रियापद वापरतो. फ्रान्समधल्या रूआं शहरात गार्गूय नावाच्या एका ड्रॅगनची दंतकथाही सांगतात. संत रोमाँनी त्याला वठणीवर आणलं म्हणे. पण मुलांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच : ज्याच्या घशातून पाणी जातं, ते गार्गॉइल.

आता इमारतीकडे बघा. आधी तोंड शोधा. ते उघडं हवं. मग बाजूला सरका आणि पाठीवर पन्हळ कोरलीय का ते पाहा. शेवटी मान भिंतीपासून किती पुढे आलीय ते बघा, कारण सगळी मेख तिथेच आहे. छपराचं पाणी भिंतीवरून ओघळलं तर दगडांमधला चुना धुऊन जातो, पायाशी ओल धरते. म्हणून पाणी जितकं लांब फेकाल तितकं बरं. फ्रान्समधल्या 'लां' (Laon) या गावच्या कॅथेड्रलवर, म्हणजे मोठ्या चर्चवर, 1220 च्या सुमाराची गार्गॉइलं आहेत. पुढच्या काळात एका मोठ्या धारेऐवजी पुष्कळ बारीक धारा करायची पद्धत पडली, म्हणून गॉथिक, म्हणजे त्या मध्ययुगीन शैलीतल्या, चर्चवर ती इतकी दाटीनं दिसतात.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलवर गालावर हात टेकून शहराकडे बघत बसलेला शिंगवाला राक्षस तुम्ही फोटोत पाहिला असेल. तो गार्गॉइल नाही. त्याच्या तोंडातून थेंबही पडत नाही. व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदानं 19व्या शतकातल्या जीर्णोद्धारात असे राक्षस बसवले. त्यांना 'शिमेर' म्हणतात. हा फरक पुसला जातो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण मग दगडातलं कामच दिसेनासं होतं.

सराव घराजवळच करा. जुन्या देवळात गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला, बहुधा उत्तरेला, अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारं मकरमुख किंवा गोमुख असतं. त्याचं चित्र समोरून काढू नका, बाजूनं काढा. पन्हळ आणि पुढे आलेली मान बाजूनंच दिसते.