अमेरिकेहून आणलेली उपकरणं घरी जोडताय? या चुका टाळा

परतताना सामानात मिक्सर, राइस कुकर, केसांचा ड्रायर हमखास येतो. तिकडे वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. प्लगचा अ‍ॅडॅप्टर फक्त पिना जुळवतो, व्होल्टेज उतरवत नाही. १२० व्होल्टच्या हीटरला २३० मिळाले की तो जवळजवळ चौपट वीज खेचतो आणि जळतो.

म्हणून आधी उपकरणाच्या मागची पट्टी वाचा. त्यावर १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असेल तर ट्रान्सफॉर्मर लागत नाही. लॅपटॉप-मोबाइलचे बहुतेक चार्जर असेच असतात. उगाच पैसे घालवू नका.

नुसतं १२० व्होल्ट असेल तर २३० चे १२० व्होल्ट करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. ३०० वॅटच्या मिक्सरला ३०० वॅटचाच ट्रान्सफॉर्मर घेणं चूक, कारण सुरू होताना मोटर काही क्षण कितीतरी जास्त करंट ओढते. निदान दुपटी-तिपटीचा घ्या. प्रवासासाठी मिळणारे हलके, मोठ्या वॅटचे कन्व्हर्टर फक्त साध्या हीटिंग कॉइलसाठी असतात. डिजिटल पॅनेलच्या कुकरला लावलात तर त्याचा बोर्ड जाऊ शकतो.

ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ मात्र बदलत नाही. ६० हर्ट्झवर चालणारं प्लगचं जुनं घड्याळ इथे तासाला १० मिनिटं मागे पडतं. साध्या मायक्रोवेव्हच्या आतला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो. असा मायक्रोवेव्ह तिकडेच विकून या.

सगळ्यात धोक्याची चूक वेगळीच आहे: तिकडची सर्ज प्रोटेक्टरची (व्होल्टेजच्या उसळीपासून वाचवणारी) सॉकेटची पट्टी इथल्या सॉकेटला लावणं. तिच्या आत नाण्याएवढ्या चकत्या असतात, त्यांना एमओव्ही म्हणतात. एरवी त्या गप्प असतात. व्होल्टेज उसळलं की जास्तीचा करंट आपल्यातून वाहू देतात. १२० व्होल्टसाठी बनवलेल्या चकतीला आपले २३० म्हणजे न संपणारी उसळी. ती तापत जाते, फुटते, पट्टी पेटूही शकते. कृपा करून ही पट्टी आणूच नका. त्याऐवजी तेच काम करणारा इथला २३० व्होल्टचा स्पाइक गार्ड घ्या आणि तो भिंत व ट्रान्सफॉर्मर यांच्यामध्ये लावा. घरात नीट अर्थिंग नसेल तर त्याचा निम्मा उपयोग वाया जातो.

स्पाइक गार्ड क्षणभराची उसळी झेलतो. स्टॅबिलायझर सावकाश होणारे चढउतार सांभाळतो. पण इमारतीची न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) सुटली तर व्होल्टेज २३० च्या जागी ३५० च्याही वर जाऊ शकतं आणि तिथे दोघंही कमी पडतात. एका खोलीत किंवा शेजाऱ्यांकडे दिवे मंद आणि तुमच्याकडे अचानक लख्ख दिसले, तर टीव्ही-फ्रिजकडे न धावता आधी मेन स्विच पाडा. न्यूट्रल सुटण्यावरचा खरा उपाय म्हणजे मीटरनंतरच्या डीबीत (घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीत) ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, म्हणजे व्होल्टेज फार वर किंवा खाली गेलं की वीज तोडणारं यंत्र. वायरमन तो बसवायला येईल तेव्हा न्यूट्रलच्या पट्टीवरचे सगळे स्क्रू त्याच्याकडून आवळून घ्या.