परीक्षेतील लेखनिक व जादा वेळ : अर्जासोबतच मागा

दिव्यांग उमेदवाराने लेखनिक (त्याच्या वतीने उत्तरे लिहिणारी व्यक्ती) किंवा जादा वेळ परीक्षेच्या दिवशी केंद्रावर मागितल्यास तो बहुधा मिळत नाही. परभणीहून नांदेडच्या केंद्रावर गेलेल्या माझ्या भाच्याला, हातात दिव्यांगत्वाचे ओळखपत्र असूनही, याच कारणाने पेपर अर्धवट सोडावा लागला. म्हणून व्यावसायिक प्रमाणपत्र परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीच पुढील कामे करावीत.

१. लिहिण्यातील अडचणीचे स्वतंत्र प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात जिल्हा रुग्णालयातून घ्यावे. ओळखपत्रावर टक्केवारी असते, पण बोटांत पेन धरवत नाही हे तिथे लिहिलेले नसते. सही जिल्हा शल्यचिकित्सकांची आहे आणि शिक्का वाचता येतो, हे खिडकीवरून हलण्यापूर्वीच पाहावे.

२. अर्जात हवी असलेली प्रत्येक सोय वेगळी नोंदवावी. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ताशी किमान २० मिनिटे भरपाई (जादा) वेळ सांगितला होता, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

३. प्रवेशपत्रावर त्या सोयी छापून आल्या नसतील, तर त्याच दिवशी ई-मेल करून लेखी उत्तर मागावे.

संगणकावरील आंतरराष्ट्रीय परीक्षांसाठी मात्र तारखेची घाई करू नये. तेथे बहुधा आधी सोयींची मंजुरी घ्यावी लागते आणि त्यानंतरच जागा आरक्षित करता येते.