गच्चीवरून स्पेस स्टेशन बघायचंय? आधी अंश मोजायला शिका

आयएसएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशन, बघायला टेलिस्कोप लागत नाही, आणूच नका, तो फिरवेपर्यंत स्टेशन निघून जातं. हेवन्स-अबव्ह ही वेबसाइट उघडा, आपलं गाव टाका, पुढच्या 10 दिवसांच्या पासची, म्हणजे स्टेशन आपल्या आकाशातून कधी जाणार त्याची, यादी येते.

आता खरी गोची. यादीत प्रत्येक पासची जास्तीत जास्त उंची अंशांत दिलेली असते आणि लोक ती सोडून फक्त वेळ बघून गच्चीवर पळतात. मीही तेच केलं, सोसायटीतली पोरं गोळा करून तीन संध्याकाळी वर उभा राहिलो आणि तिन्ही वेळा काही दिसलं नाही, कारण ते पास होते 20 अंशांच्या आसपासचे आणि समोर बारा मजली बिल्डिंग. पोरांचे उतरलेले चेहरे अजून आठवतात. 20 अंश म्हणजे नेमकं किती वर, हेच मला माहीत नव्हतं. हात पूर्ण ताणून मूठ वळा, एक डोळा मिटा, मुठीची रुंदी साधारण 10 अंश भरते. पडताळायचं तर ध्रुवतारा शोधा, तो आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो, पुण्यातून साडेअठरा अंश, म्हणजे क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी. इतक्या खालून जाताना स्टेशन आपल्यापासून हजारेक किलोमीटर लांब असतं, डोक्यावरून जाताना साधारण 400, म्हणून खालचा पास फिकटही दिसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याने 40 अंशांखालचा पास धरूच नये, माझं ठाम मत आहे. यादीतला तेजस्वितेचा आकडा उणे 3 च्या आसपास हवा, उणे जितका मोठा तितकं लख्ख.

साइटवरच्या आकाशाच्या नकाशात पूर्व डावीकडे दिसते ती चूक नाही, तो डोक्यावर धरून बघायचा असतो.

पश्चिमेच्या बाजूने एक ठळक ठिपका शांतपणे वर चढतो, लुकलुकत नाही, लुकलुकलं तर विमान. संध्याकाळी तो मध्येच तांबूस होऊन विझला तर ढगाला दोष देऊ नका, स्टेशन पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं. पहाटे उलट, आकाशात मध्येच उजळतं.

पावसाळ्यात फार आशा ठेवू नका. 2025 च्या जून-जुलैत भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला वर स्टेशनात होते आणि इथे ढगच ढग, तरी मी पास असेल तेव्हा गच्चीवर जायचो, एकदाच फटीतून अर्धा मिनिट दिसलं, धावत जाऊन आईला बोलावेपर्यंत फट बुजली होती.